ग्राइंडरच्या लेखावरचं नाव

आमच्या घरातल्या पहिल्या ग्राइंडरचा आवाज दातांच्या डॉक्टरकडच्या यंत्रासारखा होता. दुसऱ्याचा आवाज जाड होता, पत्र्याच्या डब्यात खडे घालून डबा हलवावा तसा. तिसरा हाताने फिरवायचा होता आणि तो फिरवताना जेवणाच्या टेबलाचा एक पाय फरशीवर ठकठकत राहायचा. नऊ महिन्यांत अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये अकरा ग्राइंडर आले आणि त्यांतले आठ दुकानात परत गेले. कॉफी करायची उपकरणं चौदा आली, नऊ परत गेली. हे आकडे आठवणीतले नाहीत, आईच्या वहीतले आहेत. माझं आयुष्य दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्यात गेलं, त्यामुळे कागद हाताशी असल्याशिवाय मी काही लिहीत नाही. हे प्रकरण लिहायला मात्र कागद असूनही फार वर्षं लागली. त्या नऊ महिन्यांत जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि त्यातला एक वाटा माझ्या स्वतःवरचा आहे.

घरात आम्ही तिघं. बाबा एका औषध कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात होते आणि रोज सकाळी साडेसातला गाडी काढून रिसर्च ट्रँगल पार्कला जायचे. मी पंधरा वर्षांची होते, नाशिकहून येऊन दीड वर्ष झालं होतं, शाळेत इंग्रजीत उत्तरं देत होते आणि घरात मराठीत भांडत होते. आई, तिचं नाव शैला, घरी असायची. तिच्या व्हिसावर नोकरी करायला बंदी होती, म्हणून घरी. स्वयंपाकघरात विजेची शेगडी होती आणि तिच्यावर फोडणी नीट तडतडायची नाही; तडतडली तर छतावरचा धुराचा अलार्म किंचाळायचा आणि मी टॉवेल घेऊन त्याच्याखाली हवा घालत उभी राहायचे. रविवारी थालीपीठ, एरवी सकाळी पोहे किंवा टोस्ट. आणि या सगळ्यावर, पडद्यांना, माझ्या शाळेच्या दप्तराला, बाबांच्या स्वेटरला, कॉफीचा वास. वर्गातल्या मुली मला विचारायच्या की तुझे आईवडील कॅफे चालवतात का.

आईच्या वडिलांचं बेळगावला कॉफीचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे भाजायचं पिंप. हिरवं बी गोणीतून यायचं, ते लोखंडी पिंपात घालून कोळशावर फिरवायचं, मोठ्या ताटात पसरून गार करायचं आणि गिऱ्हाईक येईल तसं त्याच्यासमोर दळून द्यायचं. दहाव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत दळायच्या यंत्राशी आई बसायची. तिचे भाऊ भाजायचे, आजोबा गल्ल्यावर असायचे, दळण तिच्याकडे. दळलेली पूड ती अंगठा आणि पहिलं बोट यांत चोळून बघायची आणि सांगायची: भरड, रवाळ, बारीक, पीठ. रवाळमध्येही तिचे दोन प्रकार होते, जाड रव्यासारखी आणि बारीक रव्यासारखी. यंत्राच्या आतल्या दातेरी चकत्या झिजल्या की ते आवाजाच्या आधी तिच्या बोटांना कळायचं. हे ज्ञान तिने कधी मिरवलं नाही. ते ज्ञान आहे असंच तिला वाटत नव्हतं. कणीक मळता येते तसं ते येत होतं.

बाबा मूळचे चहाचे. ऑफिसातल्या कोणीतरी त्यांना घरी दळलेली कॉफी पाजली आणि त्यांनी ठरवलं की आपल्याकडेही हवी. आमच्या ओळखीच्या सगळ्या घरांत वस्तू घ्यायची एकच पद्धत होती. आधी तिथल्या मराठी मंडळातल्या दहाजणांना विचारायचं, मग एक्सेलमध्ये तक्ता करायचा, मग पहिल्या तीन वस्तू विकत आणायच्या, तीस दिवस वापरायच्या आणि दोन किंवा तिन्ही परत करायच्या. दुकानं प्रश्न न विचारता परत घेतात हे कळल्यावर आमची माणसं गाद्यासुद्धा झोपून बघून परत करत होती. यात कोणाला गैर वाटत नव्हतं. उलट परत न करता वस्तू ठेवणारा भाबडा ठरायचा.

बाबांच्या तक्त्यात किंमत, वॅट, वजन, वॉरंटी, आवाज असे रकाने होते. चवीचा रकाना त्यांनी शेवटी घातला आणि तो भरण्यासाठी आईला टेबलाशी बसवलं. दर शनिवारी सकाळी तिच्यासमोर तीन-चार कप यायचे. बाबा लॅपटॉप उघडून समोर.

"ह्याला दहापैकी किती?"

"दहापैकी काय?"

"मार्क्स गं. टेस्टला."

"जळकी लागतेय."

"म्हणजे चार?"

"चार-पाच काय अहो. बी आधीच जास्त भाजलंय, त्यात ह्या पात्याने ते तापवलंय. हे बघा." तिने पूड पांढऱ्या कागदावर पसरली. "अर्धी पीठ झालीय, अर्धी भरड राहिलीय. पीठ चटकन उतरतं, ते कडू होतं. भरड उतरतच नाही, ती आंबट राहते. एका कपात दोन्ही आलंय."

"म्हणजे चार," बाबा म्हणाले आणि त्यांनी चार लिहिले.

तिसऱ्या शनिवारपासून आईने स्वतःची वही केली. तिला मार्क देता येत नव्हते आणि बोललेलं वाया जात होतं, म्हणून. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. प्रत्येक यंत्राला दोन पानं. दळायला किती वेळ लागला, पूड हाताला कशी लागली, झाकणाला किती चिकटली, कोणत्या भांड्यात कॉफी केली, गार झाल्यावर चव कशी बदलली. अक्षर शाळेतल्यासारखं गोल.

मंडळाची पत्रिका दामले काका काढायचे. ते आमच्याच संकुलात राहायचे आणि दर रविवारी चपला न काढता आत यायचे. एकदा त्यांनी ओट्यावर मांडलेली यंत्रं पाहिली आणि बाबांच्या पाठीवर थाप मारली.

"अरे प्रकाश, एवढा रिसर्च केलायस तर लिहून काढ ना. आपले लोक कुठलाही मिक्सर उचलून आणतात यार. इंग्लिशमध्ये दे, वेबसाइटवर टाकू, ऑफिसातले गोरे पण वाचतील."

"लिहायचं काम अनु करेल," बाबा म्हणाले. अनु म्हणजे मी. "तिचं इंग्लिश फाड-फाड आहे."

"आणि वहिनी कॉफी पाजतील," दामले काका म्हणाले, आणि आईने ती पाजली.

लेख मी लिहिला. म्हणजे आईच्या वहीतली वाक्यं मी इंग्रजीत नेली आणि बाबांच्या तक्त्यातली वाक्यं त्यांच्या मध्ये बसवली. नंतर, पुष्कळ नंतर, मी दोन्ही शेजारी ठेवून मोजलं. लेखात बेचाळीस वाक्यं होती. तेहेतीस आईची. आधी ग्राइंडर घ्या, मग कॉफीचं यंत्र. वाईट पूड महागड्या यंत्रालाही सुधारता येत नाही आणि चांगली पूड साध्या गाळणीलाही पुरते, हे तिचं. पात्याचा ग्राइंडर कापतो, दळत नाही. दळायला दोन दातेरी चकत्या लागतात, कारण त्यांच्यामधलं अंतर दाण्याला एकाच मापाचं करतं, हे तिचं. रोज एक-दोन कपच करणाऱ्याने हाताचा घ्यावा, चार माणसांच्या घराने विजेचा, हे तिचं. पूड झाकणाला चिकटत असेल तर दळण्याआधी ओलं बोट दाण्यांतून एकदा फिरवा, हे तर बेळगावच्या दुकानातलं. बाबांची नऊ वाक्यं वॅट, वजन आणि वॉरंटीबद्दल होती, आणि ती बरोबर होती.

एक वाक्य बाबांनी काढायला लावलं. आईने लिहिलं होतं की ज्या यंत्रात मसाला दळला असेल त्यात कॉफी दळू नये, वास आठ दिवस जात नाही आणि मसाल्याच्या तेलाने पूड चिकट होते.

"हे नको," बाबा म्हणाले. "ऑफिसातले लोक वाचणार. मसाला-बिसाला कशाला आणतेस त्यात?"

मी ते काढलं. वर नाव घातलं: प्रकाश, आणि आमचं आडनाव. ते घालताना मी थांबले नाही. मला थांबायचं सुचलं नाही, असं लिहून मी मोकळी होऊ शकते, पण ते खरं नाही. सुचलं होतं. वाटलं, बाबांचा लेख आहे.

लेख गाजला. आमच्या जगात गाजायचं ते एवढंच की फोन यायला लागले. फोन आई उचलायची.

"वहिनी, प्रकाश आहे का? त्या ओल्या बोटाचं विचारायचं होतं."

आई रिसीव्हरवर हात ठेवून सांगायची, "अहो, दाणे किती ओले करायचे विचारताहेत."

"किती करायचे?"

"ओलं बोट. एकदाच."

मग बाबा फोन घ्यायचे. "हां बोल रे. ओलं बोट, एकदाच. बस." आणि पलीकडून आम्हाला ऐकू येईल इतक्या मोठ्याने कोणीतरी म्हणायचं, काय डोकं आहे यार तुझं. हा प्रकार मी स्वतः पाच वेळा पाहिला.  प्रत्येक वेळी आई ओट्याकडे जायची आणि ओटा पुसायची. तो आधीच पुसलेला असायचा.

आता परत करण्याबद्दल. बाबा दिवसभर ऑफिसात, दुकानात परतीच्या काउंटरला रांग, म्हणून वस्तू परत करायला आई जायची. तिच्याकडे लायसन्स होतं, जुनी गाडी होती आणि, बाबांच्या शब्दांत, वेळ होता. आठवा ग्राइंडर परत करायचा होता तेव्हा मला शाळेला सुट्टी होती, म्हणून मी बरोबर गेले. तो ग्राइंडर लेखात पहिल्या क्रमांकाचा होता. आईने आदल्या दिवशी विचारलं होतं, हा ठेवू या का? संपूर्ण नऊ महिन्यांत तिने मागितलेली ती एकच वस्तू. बाबांनी लॅपटॉपवरून मान वर न करता सांगितलं होतं, "आपल्याला कशाला एवढा हाय-एंड? डेटा मिळाला ना आपल्याला."

काउंटरवर एक मध्यमवयीन बाई होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी खोकं उघडलं, ग्राइंडर बाहेर काढला, नाकाशी नेला आणि आईकडे लायसन्स मागितलं. नंबर टाइप केला. मग त्यांनी चष्मा चढवला आणि पडद्यावरून वाचायला सुरुवात केली. आईचं नाव, मोडून-तोडून. मग वस्तू. ग्राइंडर, ग्राइंडर, कॉफी मेकर, ग्राइंडर, किटली. मोठ्याने नाही, पण मागचे चारजण ऐकत होते. यादी संपल्यावर त्या इंग्रजीत म्हणाल्या, तुम्ही वापरता आणि परत आणता. त्यांच्या आवाजात राग नव्हता. हवामान सांगावं तसं सांगितलं.

"माय हजबंड इज टेस्टिंग," आई म्हणाली.

त्या बाईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, मग त्यांना यायला सांगा. इथे नाव तुमचं आहे. त्यांनी ग्राइंडर परत घेतला, आईच्या नावापुढे काहीतरी नोंदलं आणि पुढच्या वेळी चालणार नाही म्हणून सांगितलं. मी आईच्या शेजारी उभी होते. इंग्रजी फाड-फाड असलेली मी एक शब्द बोलले नाही.

गाडीत बसल्यावर आईने किल्ली लावली पण फिरवली नाही. समोर दुकानाची ट्रॉल्यांची रांग एक माणूस ढकलत नेत होता. ती रांग आत जाईपर्यंत आई बघत राहिली.

"त्यांच्याकडे माझं नाव आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "अनु, तुमच्या त्या लेखात माझं नाव कुठे आहे का गं? बारीक अक्षरात, खाली कुठेतरी?"

"जागा नव्हती, आई," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि किल्ली फिरवली.

मी पुढे एका दैनिकात वीस वर्षांहून जास्त काढली. पानं लावली, मजकूर कापला, शेवटच्या दहा मिनिटांत अर्धा स्तंभ जाहिरातीला काढून दिला. एका नावाला किती जागा लागते हे मला मिलिमीटरमध्ये सांगता येतं. वेबसाइटवरच्या लेखाला तर जागेचा प्रश्नच नसतो, तो खाली हवा तितका लांबतो. आईला ते माहीत नव्हतं म्हणून मी ते उत्तर दिलं. आज माझं वय तेव्हाच्या आईपेक्षा जास्त आहे आणि हा मजकूर मी मराठीत लिहिते आहे, कारण ज्या वाक्यांबद्दल तो आहे ती मराठीत लिहिली गेली होती. बाबांची बाजूही नोंदवायला हवी. त्यांनी कधी आईवर हात उचलला नाही, तिला कशाला नाही म्हटलं नाही, निदान त्यांच्या हिशेबी. त्यांनी तिच्या वाक्यांची चोरी केली असंही त्यांना वाटत नव्हतं. घरातल्या बायकोला जे येतं ते घरातलं असतं, आणि घरातलं जे असतं ते त्यांचं असतं. कोणी त्यांना वाईट माणूस म्हटलं असतं तर ते खरोखर चक्रावले असते. याचाच मला अधिक राग येतो.

दुकानातल्या त्या दिवसानंतर तीन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी, मंडळाने संकुलाच्या क्लबहाउसमध्ये बाबांचं प्रात्यक्षिक ठेवलं. चाळीसेक माणसं होती. पहिल्या क्रमांकाचा ग्राइंडर आमच्याकडे उरला नव्हता, म्हणून दामले काकांनी त्यांचा आणला. बाबांचा लेख वाचूनच त्यांनी तो घेतला होता. आई आतल्या छोट्या स्वयंपाकघरात बटाटेवडे तळत होती. मध्ये भिंतीला एक खिडकी होती, पदार्थ पुढे सरकवायची. मी त्या खिडकीशी ताटल्या घेऊन उभी होते, त्यामुळे मला दोन्ही बाजू दिसत होत्या.

बाबा चांगलं बोलले. ग्राइंडरचे प्रकार सांगितले, चकत्या दाखवल्या, गाळणीच्या कागदी शंकूत किती पूड घालायची ते सांगितलं. ओल्या बोटाला टाळ्या पडल्या. मग त्यांनी यंत्र सुरू केलं. पहिली पूड खाली पडली आणि मी पाहिलं की आईची मान वर झाली. झारा तेलावरच थांबला. तिने एकदा नाकाने श्वास घेतला, खिडकीतून यंत्राकडे पाहिलं, आणि मग खाली बघून वडा उलटला. मला तेव्हा काही वास आला नव्हता. खोलीतल्या कोणालाच आला नव्हता, वड्यांचा सोडून.

बाबांनी पाणी ओतलं. पाणी शंकूत तसंच उभं राहिलं. त्यांनी आणखी ओतलं. खाली भांड्यात थेंब-थेंब पडत होता आणि वर गढूळ पाणी काठाला येत होतं, आणि मग ते काठावरून वाहून मंडळाच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर पसरलं.

"प्रकाश, डाळ शिजवतोयस का?" मागून कोणीतरी विचारलं.

जेमतेम अर्धा कप उतरलेली कॉफी दामले काकांनी धीटपणे तोंडाला लावली. "अरे, जिऱ्याचा वास येतोय यार."

"अगं बाई," दामले काकू म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात मी त्यात धणे-जिरे काढले होते. मिक्सर बिघडलाय ना आमचा. पण धुतला होता हो मी, सगळं खोलून धुतला होता."

लोक हसत होते. बाबाही हसत होते, पण कान लाल झाले होते. ते चकत्यांमधल्या अंतराचा आकडा मागे-पुढे करत होते, तक्त्याचा कागद बघत होते, पुन्हा आकडा फिरवत होते. धुऊन पुन्हा बसवताना चकती एक खाच सरकली असेल हे त्यांना माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. आकडा कितीही बरोबर असला तरी मग अंतर चुकतं, पूड पीठ होऊन पडते आणि पाणी अडतं. शेवटी त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि सहज, अगदी रोजच्या सवयीने, हाक मारली.

"शैला, जरा बघ गं काय झालंय."

आई आली. पदराला हात पुसत आली, टेबलाशी उभी राहिली. चाळीस माणसं बघत होती. तिने पुडीला हात लावला नाही. बाबांच्या पिशवीतून बाहेर डोकावणारी लेखाची छापलेली प्रत तिने काढली, उलगडली आणि बाबांसमोर ठेवली.

"लेखात लिहिलंय तसं करा ना," ती म्हणाली.

सगळे मोठ्याने हसले. "वहिनींनी विकेट काढली," दामले काका म्हणाले. आई परत आत गेली आणि तिने गॅस मोठा केला. त्या हसण्यात तिला कोणी विचारलं नाही की ती हसत का नाही. लेख कोणी लिहिला हे त्या खोलीत तिघांना माहीत होतं, आणि त्यातली एक मी खिडकीशी ताटल्या धरून होते.

घरी पोचल्यावर बाबांनी बूट काढायच्या आधी तोंड उघडलं.

"चारचौघांत माझी शोभा केलीस."

"मी काय केलं? वाचायला सांगितलं."

"तुला कळलं होतं. जिरं आहे हे तुला आधीच कळलं होतं."

"हो."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं," आई म्हणाली. "वहीत लिहिलं होतं. तुम्ही काढायला लावलंत."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्या दिवसात मी केलेली ती एकच गोष्ट होती आणि ती पुरेशी नव्हती. बाबा सोफ्यावर बसले. बूट काढले. मग त्यांचा आवाज बदलला; ऑफिसात एखादी अडचण सुटल्यावर बदलायचा तसा.

"ठीक आहे. मान्य. पुढच्या लेखात तुझं नाव टाकू. अनु, खाली एक ओळ टाक. सहकार्य, सौ. शैला."

पुढचा लेख उपकरणांवर होता: कागदी शंकू, दाबायचं काचेचं भांडं, शेगडीवरची इटालियन किटली, थेंब-थेंब गाळणारं विजेचं यंत्र, यांपैकी कोणत्या घराने काय घ्यावं. सोमवारी द्यायचा होता. वहीतून मी तो पूर्ण करून ठेवला होता, अडीच पानं. रविवारी सकाळी थालीपीठं झाल्यावर आई हात धुऊन कॉम्प्युटरशी आली, माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि तिने ती ओळ मला वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली.

"सहकार्य म्हणजे?" तिने बाबांना विचारलं. ते पेपर वाचत होते.

"म्हणजे मदत गं. हेल्प."

"कोणाला?"

बाबांनी पेपर खाली केला. "आता काय झालं? नाव हवं होतं ना तुला?"

"ती ओळ काढ, अनु," आई म्हणाली. मी काढली. मग तिने वही उघडून मांडीवर घेतली. "आता वरून एकेक वाक्य वाच. इंग्रजीत नको, अर्थ सांग."

"शंकूला रवाळ पूड, काचेच्या भांड्याला भरड."

"माझं. काढ."

"विजेचं यंत्र नऊशे वॅटचं आहे."

"ते त्यांचं. राहू दे."

"एकट्या माणसाने शंकू घ्यावा, धुवायला सोपा."

"माझं."

असं आम्ही अडीच पानं केलं. ती ओरडत नव्हती. धान्य निवडताना खडा बाजूला करावा तशा आवाजात सांगत होती. एका ठिकाणी मीच म्हणाले, आई, हे वाक्य मी जोडलंय, तुझ्या दोन वाक्यांच्या मध्ये. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, तुझं तू ठरव. मी ते काढलं. पाऊण तासाने पडद्यावर वॅट, वजन, उंची आणि वॉरंटी उरली. सोळा ओळी. मी त्या छापल्या आणि बाबांपुढे ठेवल्या.

त्यांनी दोनदा वाचल्या. कागद उलटून मागे पाहिलं.

"बाकीचं कुठे गेलं?"

"माझ्याकडे आहे," आई म्हणाली.

सोमवारी सकाळी निघायच्या आधी बाबांनी दामले काकांना फोन केला. ऑफिसात काम फार वाढलंय, या वेळी लेख जमणार नाही, पुढचंही सांगता येत नाही, म्हणाले. पलीकडून दामले काका काहीतरी गमतीचं बोलले असावेत, कारण बाबा हसल्यासारखं करत होते. आई ओट्याशी होती. तिने हाताच्या ग्राइंडरमध्ये दाणे घातले, फिरवले, पूड बोटांत चोळून पाहिली, पुन्हा थोडी फिरवली. फोन ठेवून बाबा टेबलाशी येऊन बसले आणि कॉफीची वाट बघू लागले. आईने एकच कप केला होता. तो घेऊन ती त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसली आणि संपेपर्यंत सावकाश प्यायली.